मागे शिरीन आहे

दर्पण कॉलनीच्या मैदानावर मे महिन्यात
पहाटे साडेपाचलाच पाइपने पाणी मारायचे.
ते सुकायच्या आत आमचा सराव संपे,
आणि त्या वर्षी आम्हांला
जिंकायची सवय लागली होती.

मी लेफ्ट बॅक. काम अडवायचं.
पण मी अडवत नव्हते, आता सांगायला हरकत नाही,
मी पंचवीस यार्डांची रेषा ओलांडून पुढे पळायचे,
स्टिक आपटून चेंडू मागायचे,
कारण मागे शिरीन आहे.

शिरीन कुरेशी, हजीऱ्याची.
पॅड कुणाचे तरी उतरलेले,
डाव्याचा पट्टा तुटका, तिथे सलवारीची नाडी.
सत्तर मिनिटं तोंड चालू:
फाळके, बायें देख. फाळके, कहाँ चली.
हेल्मेटमधून तो आवाज विहिरीतून आल्यासारखा येई
आणि मी तो विहिरीतच राहू द्यायची.

तोमर सर म्हणत, गोली म्हणजे अर्धी टीम.
म्हणजे उरलेल्या दहाजणी मिळून अर्धी.
हे गणित आम्ही कधी करून पाहिलं नाही.

वही माझ्याकडे असे, अक्षर बरं म्हणून.
झाशी १–०. रीवा २–०. जबलपूर १–०.
वहीत झालेले गोल लिहितात.
न झालेल्यांना रकाना नसतो.
भोपाळची ती उंच पोरगी एकदा
सर्कलमध्ये एकटी, समोर सगळं मोकळं,
तिनं मान वर केली, शिरीनकडे पाहिलं
आणि चेंडू बाजूला ढकलला,
जिथे तिचं कुणीच नव्हतं.
शिरीन तर जागची हललीही नव्हती.
हे मी कुणाच्या नावावर लिहू?

नोव्हेंबरात शिरीनला टायफॉइड झाला.
घरचीच स्पर्धा, किल्ल्यावर धुकं,
गोलात वैदेही सप्रे, अकरावीतली,
हेल्मेट तिला मोठं, मान हलली की मागून हलायचं.
पाच गोल.
पाचही डावीकडून,
मी जिथे नव्हते तिथून.

लोक म्हणाले, काय करणार, गोली नव्हती ना.
वृत्तपत्रातही तसंच आलं, चार ओळीत.
वैदेही बाकावर बसून राहिली, हेल्मेट न काढता,
जाळीतून थेंब पडत होते गुडघ्यावर.
सगळ्याजणी तिच्याशी फार गोड वागत होत्या.
मी बूट सोडत होते.
एक गाठ सोडायला मला किती वेळ लागला,
ते तिला दिसलं असेल का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी रेषा ओलांडली नाही.
पाय ओढत होते, ओढू दिले नाहीत.
कुरूप सामना. ०–०.
मुरारहून आलेले म्हातारे शौकीन
मध्यंतरातच शेंगदाण्याची पुडी चुरगाळून उठले.
फाटकाशी एका ऑटोत, शाल गुंडाळून,
पिवळी पडलेली शिरीन बसली होती.
मी जवळ गेले. ती म्हणाली,
अरे वा, म्हणजे येतं तुला.
हसली नाही. ऑटोवाल्याला म्हणाली, चलो भैय्या.

डिसेंबरात ती परतली, आम्ही परत जिंकू लागलो.
वैदेहीनं पुढच्या वर्षी बॅडमिंटन घेतलं.
मी महिनाभर जागेवर राहिले, शपथेवर सांगते,
महिनाभर.
मग झाशीविरुद्ध, शेवटची दहा मिनिटं,
डावी बाजू अशी रिकामी, अशी ओली, चकचकीत,
की पाय आपोआप निघाले.

मागून आवाज आला: फाळके!

मी वळले नाही.
चेंडू आत गेला नाही.
१–०, झाशी.
वहीत तेवढंच आहे.